तब्येतीच्या गोळ्या

साकोलीकडच्या पाहुण्यांचा नकार फोनवरच आला. श्यामरावांनी तो अंगणात उभ्यानं ऐकून घेतला, "बरं, बरं" म्हणत फोन खिशात टाकला आणि आत येऊन बायकोला म्हणाले, "पोरगी पसंत हाय म्हणतात. पण तब्येत नाही म्हणतात."

कोंढ्यात तब्येत म्हणजे अंगावरचं मांस. नाहीतर दीपमालाची तब्येत कशी होती हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. रोवणीच्या दिवसांत ती सकाळी धानाच्या बांधीत वाकून पऱ्हे, म्हणजे रोपं, लावायची, दुपारी हातपाय धुऊन स्कूटीनं अड्याळला जायची आणि तिथल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळपर्यंत बॅच घ्यायची. तापानं कधी अंथरुणाला खिळली नव्हती. पण हाडापेरानं बारीक. सीताबाईवर, म्हणजे आईवर गेलेली. याआधीच्या दोन ठिकाणांहूनही फिरून फिरून हेच ऐकू आलं होतं.

दीपमाला ताटावर बसली होती. तिनं मान वर न करता विचारलं, "त्यायले बायको पायजे होती का म्हैस?"

श्यामराव हसले. सीताबाई हसली नाही.

बाजाराच्या दिवशी श्यामरावांची बहीण पंचफुला आली. ती अड्याळलाच दिलेली. तिच्या घराला लागून केवळरामचं मेडिकल होतं. केवळराम औषधं विकायचा, पण लोक त्याला डॉक्टर म्हणायचे आणि तोही ओ द्यायचा. पंचफुलानं पिशवीतून एक कागदी पुडी काढली. आत सुट्या गोळ्या होत्या, बारीक पांढऱ्या आणि थोड्या मोठ्या गुलाबी.

"रोज रात्री एक ही आन् एक ही," ती भाचीला म्हणाली. "महिन्याभरात गाल येतात पाह्य."

"कशाच्या गोळ्या होत?"

"तब्येतीच्या. भूक लागते, अंग भरते."

"नाव काय? नाव छापलेला पत्ता कुठं हाय याचा?"

"पत्त्यातून काढूनच देते तो. त्याले का सारं गाव ओळखत नाही?"

दीपमालानं पुडी पुन्हा बांधली आणि आत्याच्या मांडीवर ठेवली. "ज्याच्यावर नाव नाही ते मी तोंडात टाकत नाही, आत्या. ढोराले तरी आपण विचारून औषध देतो." एवढं बोलून ती बॅचला निघून गेली.

पंचफुलाला राग आला, पण तो तिनं तोंडावर येऊ दिला नाही. ती सैपाकघरात जाऊन सीताबाईजवळ बसली. "वहिनी, पोट्टीले अक्कल नाही, तुमाले तर हाय. दुधात कुटून द्या. माझ्या पोरीले, रीनाले, मी अशाच दिल्या. तिले आजपर्यंत मालूम नाही. नांदून राहिली ना सुखानं?"

"बाई, तिले कळलं तर?"

"कळन कसं? साखर जास्त टाका."

सीताबाईनं पुडी डाळीच्या डब्यामागे सारली. घालायची असं तिनं ठरवलं नव्हतं, आणि नाही घालायची असंही ठरवलं नव्हतं. पण दोन दिवसांनी शेजारच्या पोरीचं जुळल्याची बातमी आली आणि त्या रात्री तिनं पाट्यावर लाटण्याच्या टोकानं दोन गोळ्या भुगा होईपर्यंत रगडल्या. दुधात हळद घातली, साखर घातली, बोटानं ढवळलं. बोट चाखून पाहिलं. कडवट लागलं, म्हणून आणखी साखर घातली.

दीपमालाला पेला पाहून नवल वाटलं. घरचं दूध डेअरीला जायचं, चहापुरतं राहायचं. आपल्यासाठी आईनं पेलाभर राखून ठेवलं याचं तिला बरं वाटलं. "तुले?" तिनं विचारलं. "मले नाही पचत," सीताबाई म्हणाली. दीपमाला उभ्याउभ्याच प्याली आणि आईच्या पदराला ओठ पुसले.

त्यानंतर ते रोजचंच झालं. पुडी संपली की सीताबाई बाजाराच्या दिवशी स्वतः केवळरामच्या दुकानात जायची. तिला पाहिलं की तो काही न विचारता बरणीत हात घालायचा.

भूक लागायला फार दिवस लागले नाहीत. ती नेहमीची भूक नव्हती. जेवून उठली तरी दीपमालाचं लक्ष भात शिजवलेल्या गंजाकडे असायचं. एकदा भर दुपारी घरी कोणी नसताना तिनं सकाळचा गार, चिकट झालेला भात गंजातून हातानं काढून खाल्ला. भाजी नाही, मीठ नाही. बोटं चाटताना तिचं तिलाच थांबावंसं वाटलं, पण हात थांबला नाही. गंज खरवडून झाल्यावर ती न्हाणीत गेली आणि कितीतरी वेळ साबणानं हात धूत राहिली.

चेहरा गोल होत गेला. आधी गाल भरले तेव्हा तिलाही आरशात पाहायला आवडलं. मग गाल थांबेचनात. हनुवटीखाली पिशवी लोंबू लागली, मानेमागे मांसाचा उंचवटा आला, वरच्या ओठावर आणि कानशिलावर काळी लव दिसू लागली. पाठीवर पुटकुळ्या फुटायच्या. रात्री कुशीवर वळलं की त्या फुटून कुर्त्याला चिकटायच्या आणि सकाळी कुर्ता ओला, वास मारणारा निघायचा. पोट सुटलं, पण हातपाय काही तसे भरले नाहीत. पोटावर आणि मांड्यांवर जांभळे लाल ओरखडे उठले, नखानं ओढल्यासारखे. पाळी दोन वेळा आलीच नाही. इन्स्टिट्यूट वरच्या मजल्यावर होती. जिना चढताना मांड्या लटपटायच्या, मध्येच कठडा धरून थांबावं लागायचं. आपण जाड झालो म्हणून दम लागतो, असं तिनं स्वतःला सांगितलं.

आणि गाव खूश होतं. विहिरीवरच्या बायका म्हणायच्या, "आता कशी भरली व दीपमाला! आता दिसते पोरगी." कोणी दंडाला चिमटा घेऊन पाहायचं. पंचफुला आली की दोन्ही गाल धरून ओढायची. "पाह्य, म्हटलं होतं ना?" ती सीताबाईकडे बघून म्हणायची. दीपमालाला त्या हातांची शिसारी यायची. बाजारात म्हैस विकत घेणारे असेच हात फिरवतात, पाठीवरून, पोटाखालून. म्हशीला निदान शेपटी तरी मारता येते.

सीताबाईला सगळं दिसत होतं. लव दिसत होती, धुवायला टाकलेले कुर्ते दिसत होते. एकदा ती केवळरामला म्हणाली, "तोंडावर सूज वाटते जी." तो म्हणाला, "सूज नाही, रौनक आहे." तिला ते मानून घ्यायचं होतं, तिनं मानून घेतलं.

शहापूरहून पाहुणे आले ते दसऱ्याच्या सुमारास. मुलगा वीरेंद्र, हायवेवर त्याचं लोखंड-सिमेंटचं दुकान. बोलायला शांत, कपडे नीटनेटके. त्याची आई गोदावरीबाई मात्र हातानं पाहणारी होती. दीपमाला चहा घेऊन आली तेव्हा तिनं कप घ्यायच्या आधी मनगट धरलं, बोटांनी वेढा घालून पाहिला, मग हनुवटी वर उचलली.

"फोटोपरीस चांगली हाय," ती म्हणाली. "आमच्या घरी वाळलेल्या बाया कोणाले चालत नाही. माझ्या सासूनंही मले असंच पाहून पसंत केलं होतं."

सगळे हसले. दीपमालाच्या हनुवटीला त्या बोटांचा घाम लागला होता. आत जाऊन तिनं तो पुसला.

वीरेंद्रशी घरामागच्या सांदवाडीत, परसात, बोलणं झालं. लग्नानंतरही तिनं शिकवलं तर चालेल, असं तो म्हणाला. तिनं त्याला विचारलं, "तुमाले मी का पसंत पडली?" तो लाजला आणि म्हणाला, "घरच्यायले पसंत हाय. आन् तू चांगली दिसतेस." एवढ्यावर लग्न करावं का, हा प्रश्न तिच्या मनात आला. पण तीनदा नकार ऐकलेल्या घरात तो प्रश्न तिला मोठ्यानं विचारता आला नाही.

दिवाळीनंतर साक्षगंध झालं. गर्दी झाली, अंगठी झाली, वरणभात आणि बुंदीचं जेवण झालं. रात्री कोणीतरी फोटो पाठवले. दीपमालानं आपला फोटो बोटानं मोठा केला. साडीतून ओसंडणारी, डोळे गालांत बुडालेली एक अनोळखी बाई तिच्याकडे पाहत होती. तिनं फोन उपडा ठेवला.

सोयरीक पक्की झाली तसं सीताबाईनं गोळ्या बंद केल्या. खरं तर तिला सुटल्यासारखं वाटलं. राहिलेली पुडी तिनं चुलीत टाकली आणि दूध पुन्हा डेअरीला जाऊ लागलं.

आठवडाही गेला नसेल. दीपमालाला सकाळी उठवेना. अन्नाचा वास नकोसा झाला, जीभ कोरडी पडली, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. पाणीही पोटात ठरेना. एका सकाळी न्हाणीत धप्प आवाज झाला. सीताबाई धावली तर पोरगी ओल्या फरशीवर पडलेली, अंग थंडगार, ओठ पांढरेफटक, गालाखाली ओकारी.

श्यामरावांनी गाडी बोलावली. अड्याळ वाटेत होतं म्हणून आधी केवळरामकडे थांबले. त्यानं तिला पडद्यामागच्या बाकावर निजवायला सांगितलं, नाडी पाहिली आणि श्यामरावांना पाण्याची बाटली आणायला बाहेर पाठवलं. मग तो सीताबाईच्या कानाशी वाकला.

"त्या गोळ्या बंद केल्या का?"

"हो. जुळलं तिचं."

"एकदम बंद नाही कराच्या राहत त्या."

"तुमी तर सांगतलं नाही जी!"

"सांगतलं असन. तुमच्या ध्यानात नाही." त्यानं बरणी उघडली आणि गोळ्या कागदावर ओतायला घेतल्या. "आता पुन्हा चालू करा. अन् भंडाऱ्याले नेलं तर माझं नाव नका घेजा. शक्तीचं औषध होतं म्हणजा."

सीताबाई त्याच्याकडे पाहत राहिली. आपली पोरगी त्याच्यासमोर बाकावर निपचित पडलेली आणि हा पुडीला घडी घालून राहिलाय, कडा बोटानं नीट दाबून. त्याला सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. तिनं पुडी घेतली नाही. "गाडीत घाला तिले," ती नवऱ्याला ओरडून म्हणाली.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात डॉक्टर मनाली नावाची तरुण बाई ड्यूटीवर होती. तिनं रक्तदाब पाहिला, सलाईन जोडलं, मग दीपमालाचा चेहरा उजेडाकडे वळवला. कुर्ता थोडा वर करून पोट पाहिलं.

"गेल्या काही महिन्यांत हिला कोणतं औषध सुरू होतं?"

"काहीच नाही," दीपमालाच पुटपुटली.

"आठवून सांग. गोळ्या, पावडर, कुणी दिलेलं काहीही?"

"नाही मॅडम. मी नाव नसलेलं काही घेत नाही."

डॉक्टरनं श्यामरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. मग तिनं सीताबाईकडे पाहिलं. सीताबाई पलंगाच्या दांड्याला धरून उभी होती.

"दुधातून," सीताबाई म्हणाली.

दीपमालानं आईकडे पाहिलं. तिला आधी अर्थ लागला नाही. मग लागला. ते पेले, ती साखर, आईच्या पदराला पुसलेले ओठ. ती कुशीवर वळून ओकली, पण पोटात काही नव्हतंच. पिवळं कडू पाणी तेवढं आलं.

"शक्तीच्याच होत्या मॅडम," सीताबाई म्हणत होती. "भूक लागाच्या."

"शक्तीच्या नाहीत आई, स्टेरॉइड आहे ते." डॉक्टरचा आवाज चढला, पण तिनं तो सावरला. "ज्याला गरज असते त्याला आम्हीच देतो, मोजून, नजरेखाली. पण ह्यानं तब्येत होत नाही, सूज येते. आपलं शरीर स्वतः एक रस तयार करतं, त्याच्या जोरावर आपण उभे राहतो, आजार सोसतो. बाहेरून तो ओतत राहिलात की शरीर आपलं काम थांबवतं. आणि मग बाहेरचंही अचानक बंद केलंत, तर आत काहीच नसतं. अजून उशीर केला असता तर ही हाती लागली नसती."

श्यामराव बायकोकडे वळले. त्यांनी हात उगारला नाही, शिवीही दिली नाही. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

इंजेक्शनांनी दीपमाला सावरली. दोन दिवसांनी डॉक्टर मनालीनं तिच्या हातावर एक छोटी गोळी ठेवली. ह्यावेळी ती पत्त्यातून तिच्यासमोर काढली होती, नाव मोठ्यानं वाचून.

"ऐकून तुला राग येईल," डॉक्टर म्हणाली. "ही त्याच जातीची गोळी आहे. तुझं शरीर पुन्हा कामाला लागेपर्यंत घ्यावी लागेल. थोडी थोडी कमी करत नेऊ. काही महिने लागतील. मधेच बंद करायची नाही."

दीपमालानं तळहाताकडे पाहिलं. ज्यानं तिला असं केलं तेच आता तिनं आपल्या हातानं, समजून उमजून गिळायचं होतं. गोळी जिभेवर विरघळली आणि तिला ती चव ओळखू आली. दुधाच्या तळाशी अशीच चव असायची. तिला वाटायचं, हळदीची असेल.

दुपारी सीताबाई डबा घेऊन आली. दीपमालानं डब्याला हात लावला नाही.

"तू मले विचारलं काहून नाही?"

"तू घेतल्या नसत्या."

"मंग?"

सीताबाईनं डबा आपल्याकडे ओढला. ती म्हणाली, "मले तुझं वाईट नव्हतं कराचं व पोरी."

"माहीत हाय मले. म्हणूनच तर किळस येते. केवळराम परका होता. तू रोज माझ्यासमोर पेला धरून उभी राहायची, मी पूर्ण प्याली का नाही ते पाहाले."

सीताबाई डबा उचलून व्हरांड्यात गेली. त्या दिवसापासून दीपमाला दवाखान्याचं जेवू लागली.

बातमी शहापूरला पोचायला वेळ लागला नाही. गोदावरीबाई आली ती दारातूनच बोलत आली. "विहीणबाई, आमाले फुगवलेली पोरगी दाखवली तुमी! आमी का आंधळे हाओ? लोक हासून राहिले आमाले." मग ती डॉक्टरकडे वळली. "मॅडम, गोळ्या सोडल्यावर हे किती वाळन?"

डॉक्टर मनाली म्हणाली, "ही जिवंत आहे, ते विचारा आधी." गोदावरीबाईला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. ती बाहेर जाऊन बाकावर बसली.

वीरेंद्र मागे थांबला. त्यानं शहाळं आणलं होतं. स्टूल ओढून बसला, तब्येतीची चौकशी केली, आणि दीपमालाला वाटलं, हा तरी माणसासारखा बोलतोय.

"आईचं मनावर नको घेऊ," तो हळू आवाजात म्हणाला. "मी तिले समजावतो. हॉल बुक झाला, पत्रिका छापून झाल्या. आता मोडणं बरं नाही दिसत. मी एक विचार केला." तो थोडा पुढे सरकला. "डॉक्टर तशाही गोळ्या चालू ठेवाच म्हणतात ना?"

"हो. कमी करत जायच्या."

"तेच म्हणतो. लग्नापर्यंत कमी नको करू. उलट थोड्या जास्त घे. आत्ता जशी हायस तशीच राहशीन. फोटो चांगले येतीन, पाहुण्यायच्या तोंडाले कुलूप बसन. एकदा लग्न झालं की मंग कर हळूहळू बंद. मंग कोण पाहते?"

त्याचा चेहरा खरोखर काळजीचा होता. आपण मोठ्या मनानं वाट काढली, असंच त्याला वाटत होतं. तिचा श्वास अजून नीट परतला नव्हता, हाताला सुई होती, आणि हा तिला फोटोसाठी आणखी विष घ्यायला सांगत होता. शहाळ्यात नळी खोचून.

दीपमाला उठली. सलाईनची बाटली हातात धरून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली, ती भिंतीच्या खिळ्याला अडकवली आणि अंगठी काढू लागली. सुजलेल्या बोटात ती रुतून बसली होती. तिनं साबण लावला, पिळली, ओढली. कातडी इतकी पातळ झाली होती की सोलून निघाली, साबणाच्या फेसात रक्त मिसळलं. सिस्टर "अगं, थांब" म्हणत धावत आली. तोवर अंगठी निघाली होती.

ती न धुता, फेसासकट तिनं वीरेंद्रच्या हातावर ठेवली.

"मी तुमाले काही वाईट म्हटलं का?" तो गोंधळून म्हणाला.

"तुमाले कळत नाही, तेच," ती म्हणाली. "जा तुमी."

त्यानं रुमालानं आधी अंगठी पुसली, मग हात पुसला. मग गेला.

घरी आल्यावर महिनाभर दीपमाला गावात कुणाशी बोलली नाही. सूज उतरू लागली. स्वतःचा सैपाक स्वतः करायची, पाणीसुद्धा आपल्या हातानं भरून घ्यायची. अंगात थोडी ताकद आली तशी एका दुपारी ती ऑटोनं अड्याळला गेली, इन्स्टिट्यूटला नव्हे, केवळरामच्या दुकानात.

काउंटरवर एक बाई उभी होती. केवळराम बरणीतून पांढऱ्या, गुलाबी गोळ्या कागदावर ओतत होता. दीपमालाला पाहून त्याचा हात अडखळला, पण तोंडावर हसू आलं. "ये बेटा. कशी आहे तब्येत?"

दीपमालानं त्याला उत्तर दिलं नाही. ती त्या बाईकडे वळली. "मावशी, कोणासाठी घेऊन राहिल्या?"

"माझ्या पोरीले. रुपाले. बारावीत हाय, पण काडी हाय नुसती."

दीपमालानं तिला सगळं सांगितलं. न्हाणीत पडली ते, दवाखान्यातलं, डॉक्टर काय म्हणाली ते. केवळराम मधे मधे "एखाद्याला नाही मानवत" म्हणत होता. बाईनं मन लावून ऐकलं, च्‌च्‌ केलं. मग पुडी उचलून ब्लाऊजमध्ये खोचली.

"घेताच?" दीपमालानं विचारलं.

"अव, पण तुझं जुळलं तर होतं ना?" बाई म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

केवळराम हसला. खाली पाहून, बरणीचं झाकण लावत, अगदी थोडा.

दीपमाला त्या बाईच्या मागोमाग गेली. घर जवळच होतं. रुपा ओट्यावर अभ्यास करत होती, मोठ्या डोळ्यांची, चपळ पोरगी. आई आत गेली तशी दीपमालानं तिला विचारलं, "तुले मालूम हाय का, आई तुले काय देते ते?"

"हो," रुपा म्हणाली. "मीच मागवल्या. कॉलेजात मले झाडू म्हणतात."

डॉक्टरचे शब्द हिच्या कानावरून जातील, हे दिसत होतं. तिनं रुपाला भिंतीच्या आडोशाला नेलं आणि कुर्ता वर केला. सैल पडलेलं पोट, त्यावर बोटभर रुंद जांभळे पट्टे. मग पाठ वळवून पुटकुळ्यांचे काळे व्रण दाखवले.

"शी!" रुपाच्या तोंडून निघालं. तिनं तोंडावर हात धरला, मग ओशाळली. "माफ करजो ताई."

"नको मागू माफी. नीट पाह्य."

रुपानं नीट पाहिलं. मग आत गेली. आतून मायलेकींचं भांडण ऐकू येऊ लागलं, भांडं आदळल्याचा आवाज आला. दीपमाला थांबली नाही.

तिनं भंडाऱ्याला जाऊन औषध निरीक्षकांकडे तक्रार दिली. साहेबांनी ऐकून घेतलं, पण ते म्हणाले, "दुकानातून गोळ्या स्वतः विकत घेतल्याचं सांगणारं माणूस पाहिजे. तुम्ही तर घेतल्या नाहीत." पंचफुलानं कानावर हात ठेवले. "मले काही मालूम नाही, मी त्याच्या दुकानाची पायरी चढत नाही," असं ती स्वतःच्या भावाला तोंडावर म्हणाली. रुपाच्या आईनं दार उघडलं नाही.

तक्रार तशीच पडून राहिली असती. पण एका सकाळी सीताबाई साडी बदलून, चप्पल घालून अंगणात उभी होती. "चाल," ती म्हणाली.

"कुठं?"

"भंडाऱ्याले. मी घेतल्या ना त्या."

कार्यालयात खुर्ची दिली तरी ती बसली नाही. कुणी विचारण्याआधीच बोलली. "दुकानातून मी आणल्या. मी कुटल्या. मी पाजल्या. पोरीले मालूम नव्हतं. त्यानं मले नाव नका घेजा म्हटलं. मी घेते त्याचं नाव." बाजूच्या टेबलावरचे लोक काम थांबवून तिच्याकडे पाहू लागले. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण आवाज हलला नाही. लिहून झालं तिथं तिनं सही केली.

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. बरण्या निघाल्या, बिल नसलेल्या गोळ्या निघाल्या, दुकानाला कुलूप लागलं. अड्याळच्या लोकांना केवळरामचा राग आला नाही. आता डोकेदुखीची गोळी घ्यायलाही लांब जावं लागतं म्हणून या मायलेकींचाच आला. पंचफुलानं भावाकडे येणं सोडलं. तिची रीना मात्र एकदा एकटीच येऊन गेली. डॉक्टर मनालीचा पत्ता विचारून घेतला, आणि कशाला ते सांगितलं नाही.

सही केली त्या दिवशी भंडाऱ्याहून परतताना मायलेकी एसटीत शेजारी बसल्या होत्या.

"माझ्या हातचं पुन्हा खाशीन का कधी?" सीताबाईनं विचारलं.

"माहीत नाही," दीपमाला म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. आईनं साहेबांसमोर जे केलं ते तिनं पाहिलं होतं, आणि तरी तो पेला तिला विसरता येत नव्हता.

पुढच्या थांब्यावर ओळखीची एक म्हातारी चढली. समोरच्या सीटवर टेकून तिनं दीपमालाला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "का व सीताबाई, पोट्टी केवढी वाळली! बिमार हाय का?"

"बिमार होती," सीताबाई म्हणाली. "आता बरी होऊन राहिली."

म्हातारीला ते पटलं नाही. ती आणखी काही बोलणार होती, पण सीताबाईनं तोंड खिडकीकडे वळवलं.